नळवाल्यांचं वाक्य

नळवाल्यांच्या पोटात काही राहत नाही, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना चांगलं ठाऊक होतं. मोरीचा पाइप बदलायला त्यांना बोलवावं, तर पाइप बसेपर्यंत आजूबाजूच्या घरांत काय चाललंय ते फुकटात कळायचं. कोणाचा जावई रुसलाय, कोणाची नणंद येऊन ठाण मांडून बसलीय, सगळं. पाना फिरवता फिरवता जीभही फिरायची. लोक पोट धरून हसायचे, वर चहा पाजायचे, आणि नळवाले पिशवी उचलून निघाले की जरा चपापायचे. पुढच्या घरी आपली पाळी असणार, हे त्यांना माहीत असायचं.

अशा माणसाला सिनेमात घेतलं, तर तो काय गप्प बसणार होता?

सिनेमा म्हणजे तसा काही मोठा नव्हता. चौकातल्या फोटोवाल्याला आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांच्या फिल्मा काढून वीट आला होता. त्याने मनावर घेतलं, की आपल्याच वस्तीतली माणसं, आपलीच घरं घेऊन एक खराखुरा सिनेमा करायचा. गोष्ट साधी होती. एका मोठ्या, सतत कलकल चाललेल्या घरात लांबच्या मुलखातली सून येते. तिची भाषा वेगळी, वळण वेगळं. मग जो तो उठता बसता दुसऱ्याला म्हणतो, "आमच्यात असं नसतं." सिनेमाचं नावही तेच. सुनेचं काम पार्लरवालीच्या मुलीला दिलं. सासऱ्याच्या कामासाठी फोटोवाला थेट नळवाल्यांच्या दुकानात गेला. त्यांचा आवाज खणखणीत होता, हे एक. आणि त्यांच्या घरी अगदी तशीच सून आलेली होती, हे दुसरं आणि खरं.

नळवाल्यांच्या घरात दारं होती, पण ती लावायची असतात हे कोणाला माहीत नव्हतं. जेवताना सगळे एकदम बोलायचे. भांडण झालं तर ते मधल्या खोलीत व्हायचं, म्हणजे कोणी मुकायला नको. रडायचं असलं तरी तिथेच बसून रडायचं, म्हणजे येणाराजाणारा विचारतो आणि चार शब्द बोलून मन मोकळं होतं. अशा घरात ही मुलगी आली. तिच्या माहेरी सख्ख्या भावाच्या खोलीतसुद्धा टकटक केल्याशिवाय जात नाहीत. ताटातलं संपेपर्यंत कोणी बोलत नाही. आणि रडू आलं तर दार लावून घेतात, तोंड धुऊन बाहेर येतात, नि बाकीचे काही दिसलंच नाही असं वागतात. त्यांच्यात माया कमी असते असं नाही. त्यांची मायेची रीतच ती.

तिचा नवरा, म्हणजे नळवाल्यांचा मुलगा, लिफ्ट बसवण्याच्या कामावर होता. महिन्यातले बरेच दिवस तो बाहेरगावी असायचा. त्यामुळे ही दोन वळणं समोरासमोर यायची ती सासू, सासरा आणि सून या तिघांत. सून भाषा शिकली होती, मन लावून शिकली होती. घरात काम करताना कुठे अडत नव्हती. वाईट असं कोणीच वागत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

संध्याकाळी फोटोवाल्याच्या स्टुडिओत मंडळी जमायची. त्याची कामाची पद्धतच अशी, की लिहिलेलं अर्धं आणि जमलेल्यांनी घरचे किस्से सांगायचे ते अर्धं. नळवाल्यांना तर रानच मोकळं सापडलं. सून स्वतःच्याच घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर कशी टकटक करते, ते त्यांनी करून दाखवलं. सासूने पाण्याचा पेला दिला तरी आभार मानते, ते दाखवलं. सगळ्यांच्या चपला रात्री जोडीने लावून ठेवते आणि सकाळी सासरा दुसऱ्याच्याच चपला घालून दुकानात जातो, तेही झालं. मंडळी लोटपोट व्हायची. नळवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

यातलं बरंचसं सुनेला माहीत होतं. संवाद पाठ करून घेणारी तीच होती. जेवणं झाली की ती कागद हातात धरून बसायची आणि नळवाले येरझाऱ्या घालत बोलायचे. टकटकीचा प्रसंग आला तेव्हा ती हसून म्हणाली, "बाबा, ही मीच आहे."

"अगं, तुझं कौतुकच आहे त्यात," नळवाले म्हणाले.

"असू दे. मजेशीर आहे," ती म्हणाली आणि पुढचं वाक्य वाचलं. शूटिंगसाठी त्यांचा सदरा इस्त्री करून द्यायचीही तीच.

पण एका संध्याकाळी किस्से आटले. टकटक जुनी झाली, चपला जुन्या झाल्या, हसू पूर्वीसारखं येईना. नळवाल्यांना चुटपुट लागली. हसण्याची चटक लागलेल्या माणसाचं होतं तेच त्यांचं झालं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "आणि आमच्या बाथरूमच्या नळाचं सांगितलं का मी?"

त्यांच्या घरचा नळ शिट्टी वाजवायचा. वायसर कधीचा झिजलेला. वस्तीभरचे नळ दुरुस्त करण्यातून त्यांना घरच्या नळाकडे बघायला सवड झाली नव्हती. "सून सकाळी आत जाते," ते म्हणाले, "कडी लावते आणि नळ पूर्ण सोडते. का? तर रडायला! तिला वाटतं, पाण्याच्या आवाजात कळत नाही. अहो, पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीतून नेलाय मी. हुंदका न् हुंदका ओट्यापाशी ऐकू येतो! खाली शिट्टी, वर हुंदके, नुसती मैफल!"

मंडळी हसली. पार्लरवाली तेवढी हसता हसता थांबली. "खरंच रडते का हो ती?"

"अहो, माहेरची आठवण. सगळ्याच रडतात," नळवाले म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

फोटोवाल्याने कप खाली ठेवला होता. "हा सीन घ्यायचाच," तो म्हणाला.

सीन पार्लरवालीच्या बाथरूममध्ये घेतला. आत तिची मुलगी रडत होती, बाहेर नळवाले दातात ब्रश धरून दाराला कान लावून उभे. कागदावर बोलणं काहीच नव्हतं, त्यांनी फक्त कान लावायचा होता. पण कॅमेरा चालू झाला आणि त्यांना राहवलं नाही. ब्रश बाहेर काढून ते गरजले, "सूनबाई, रडणं संपत नसेल तर निदान टाकी तरी शिल्लक ठेवा!" फोटोवाल्याला हसण्यामुळे कॅमेरा धरवेना. नळवाले घरी गेले ते तरंगतच. ते वाक्य कोणी लिहून दिलेलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

एक अडचण राहिली. पार्लरवालीचा नळ नवा, अगदी मुका. त्यात गंमत येईना. मग एका दुपारी सासूसुना बाजारात गेलेल्या बघून नळवाल्यांनी फोटोवाल्याला घरी नेलं आणि खुद्द आपल्या नळाची शिट्टी रेकॉर्ड करून दिली. "अस्सल माल," ते म्हणाले. या सीनबद्दल घरी मात्र ते बोलले नाहीत. ज्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, त्याच्या पोटात हे बरोबर राहिलं. तेव्हाच त्यांनी स्वतःला विचारायला हवं होतं, की का.

सिनेमा दाखवायचा ठरला त्याच आठवड्यात विहीणबाई आल्या. लग्नानंतर त्या पहिल्यांदाच येत होत्या. लांबचा प्रवास, वय झालेलं, भाषेचा एक शब्द येत नाही. तरी आल्या. मुलगी फोनवर "मी मजेत आहे" म्हणते ते खरं ना, एवढंच त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. आणि मुलीचा जीव त्या एका गोष्टीसाठी तुटत होता, की आईने समाधानाने परत जावं. तिने पडदे धुतले, आईची उशी उन्हात घातली, दिवसभर हसत वावरली. विहीणबाई स्वयंपाकघराच्या चौकटीवर टकटक करून आत यायच्या. नळवाल्यांना तेव्हा कुठे कळलं, की ही खोड नव्हे, हे वळण आहे. त्यांना ते गोडही वाटलं.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. पुढच्या रांगेत नळवाले, त्यांच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, पलीकडे सून. मुलगा कामासाठी बाहेरगावीच होता. सून आईच्या कानाशी लागून प्रत्येक वाक्य तिच्या भाषेत सांगत होती. टकटक झाली, हॉल हसला, मागोमाग विहीणबाई हसल्या. चपला झाल्या, त्याही त्यांना फार आवडल्या. सिनेमा खरंच वाईट नव्हता. नळवाले पडद्यावर आले की शिट्ट्या पडत होत्या आणि ते अंधारात गालातल्या गालात हसत होते.

मग हॉलभर ती शिट्टी वाजली.

पडद्यावर अजून बंद दारच होतं, पण आवाज आधी आला. तो चिरका, मध्येच गचके खाणारा आवाज त्या घरात राहणाऱ्याला झोपेतही ओळखू आला असता. नळवाल्यांच्या बायकोची मान वर झाली. पलीकडे सुनेची कुजबुज थांबली. पडद्यावर मुलगी नळाखाली ओंजळ धरून रडू लागली, दाराला कान लावलेले नळवाले दिसले, त्यांनी तोंडातून ब्रश काढला आणि आपलं वाक्य टाकलं.

हॉल हसून कोसळला. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. विहीणबाईंना अर्थ कळलेला नव्हता, पण एवढं जग हसतंय, आपला व्याही एवढा रंगलाय, म्हणून त्याही मनापासून हसल्या. हसता हसता त्यांनी नळवाल्यांच्या हातावर थोपटलं.

त्या हाताने नळवाले भाजले. त्यांनी विहीणबाईंच्या पलीकडे पाहिलं. सून पडद्याकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलेली दिसत नव्हती. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा नुसता उघडा पडला होता. न वाजवता कोणी दार ढकलावं आणि आतल्या माणसाला पदर सावरायलाही वेळ मिळू नये, तसा. एवढे दिवस ती समजत होती, की निदान ही एक जागा आपली आहे. आणि तिथेही सासरा कान लावून उभा होता, हे तिला आज, चारशे माणसांबरोबर, तिच्या आईशेजारी बसून कळत होतं. नळवाल्यांना तेव्हा स्वतःची लाज वाटली.

इथपर्यंतचं एक वेळ सोडून देता येईल. अजाणता झालं, असं म्हणता येईल. पण सिनेमा संपला, दिवे लागले, फोटोवाल्याने सगळ्यांना स्टेजवर बोलावलं आणि हॉल ओरडायला लागला, "नळवाले, ते वाक्य! ते वाक्य म्हणा!" माइक त्यांच्या हातात आला. समोर पहिल्या रांगेत सून बसली होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. काहीही म्हणता आलं असतं. टाळ्या थांबेनात. आणि नळवाले ते वाक्य बोलले. नीट, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलले.

घरी जाताना रस्त्यात लोक पाठ थोपटत होते. नळवाले खाली मान घालून चालले होते. वस्तीच्या वळणावर विहीणबाई थांबल्या, त्यांनी नळवाल्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि खूप वेळ काहीतरी सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते. नळवाल्यांनी सुनेकडे पाहिलं.

"माझी आई म्हणते," सून सपाट आवाजात म्हणाली, "तिला तुमचं ते वाक्य सगळ्यात जास्त आवडलं."

"कुठलं?" नळवाल्यांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"सून आत रडत असते, तेव्हाचं. सासरा दाराबाहेरून म्हणतो ना, 'चहा टाकलाय. बाहेर ये, आपण दोघं घेऊ.' आई म्हणते, असा माणूस घरात आहे, आता तिला काळजी नाही."

एवढं सांगून तिने आईचा दंड धरला आणि ती पुढे चालू लागली. नळवाले जागीच उभे राहिले. धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं म्हणतात, ते त्यांना उगाचच वाटायचं. आज त्यांनी खरोखर पायाखाली पाहिलं. तिने त्यांना वाचवलं नव्हतं, आपल्या आईला वाचवलं होतं. त्यासाठी तिला एक चांगला सासरा लागत होता. तो घरात नव्हता, म्हणून तिने तो उभ्या उभ्या तयार केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानातून नवा वायसर घेऊन आले आणि पाना काढून बाथरूमकडे निघाले. बायकोने त्यांना स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं.

"काय करताय?"

"नळ दुरुस्त करतो."

"आता?" बायको आवाज दाबून म्हणाली. तिला आयुष्यात कोणी एवढ्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "म्हणजे होता तो आडोसाही काढून घेता? आता श्वाससुद्धा बाहेर ऐकू येईल."

"तुलाही ऐकू यायचं?"

"न यायला मी काय बहिरी आहे? शिट्टी वाजली की मी भांडी का आपटत होते, असं वाटतं तुम्हाला?"

नळवाल्यांना आठवलं. सकाळी सकाळी भांडी आपटते म्हणून ते बायकोवर किती खेकसले होते. "हळू जरा, घर आहे की लोहाराचा कारखाना," असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते. ती एकदाही उलट बोलली नव्हती. त्यांनी वायसर खिशात टाकला आणि पाना पिशवीत ठेवला.

विहीणबाई समाधानाने परत गेल्या. आणि नळ वाजायचा थांबला. सून आता तो धारेपुरता सोडायची, काम झालं की बंद करायची. चला, रडणं तरी संपलं, असं नळवाल्यांना दोन दिवस वाटलं. पण मग ती भाजी आणायला म्हणून बाहेर पडते आणि बऱ्याच वेळाने रिकामी पिशवी घेऊन परत येते, हे त्यांच्या लक्षात आलं. परत आल्यावर ती चेहरा दुसरीकडे वळवून चपला जोडीने लावायची. तिला घरात रडायला जागा उरली नव्हती. ती त्यांनी घेतली होती.

बाहेर तर त्यांच्या वाक्याचा नुसता धुमाकूळ चालला होता. दुकानात येणारा जो तो दारातूनच ओरडायचा, "नळवाले, टाकी शिल्लक आहे का?" सुनेलाही वाण्याने एकदा हसत हसत ऐकवलं. ती त्याचे आभार मानून परत आली, असं वाण्यानेच नळवाल्यांना सांगितलं, मोठी गंमत म्हणून. नळवाले हसले नाहीत. वाण्याला वाटलं, सिनेमामुळे माणसाला शिष्टपणा आला.

एका सकाळी सून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळाचा आवाज नाही, कसलाच नाही. नळवाल्यांनी उठून स्वतः चहा टाकला. त्यांना साखरेचा डबा सापडायलाच वेळ लागला. मग ते बोळकांडीतून बाथरूमपाशी गेले. कान लावला नाही. दारापासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि त्या घरात सून आणि तिची आई सोडून जन्मात कोणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. दारावर टकटक केली.



"चहा टाकलाय," नळवाले म्हणाले. त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "बाहेर ये. आपण दोघं घेऊ."

 मग तिचा आवाज आला. रडून रडून बसलेला, पण शांत.

"ते वाक्य माझं आहे, बाबा," ती म्हणाली. "तुमचं वेगळं होतं."

नळवाले उभे राहिले. माफी मागावी असं फार वाटलं, पण माफी मागायची तर दाराबाहेर उभं राहूनच मागावी लागली असती, आणि तिथे त्यांचं काही काम नव्हतं. "हो," एवढंच ते म्हणाले. "नळ सोड पोरी. पूर्ण सोड. आम्ही बाहेर जातो."

ते स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला आणि बायकोचा हात धरून तिला उठवलं. "चल."

"अहो, कुठे? काय झालं?"

"रस्त्यावर. घरात ऐकू येणार नाही अशी जागा नाही."

 दोघं बाहेर आले. येताना नळवाल्यांनी घराचं दार ओढून घेतलं. ते कधी लावलेलंच नव्हतं, त्यामुळे चौकटीत अडकलं, आणि त्यांना खांद्याने जोर द्यावा लागला. बंद होता होता आतून शिट्टी सुरू झालेली त्यांना ऐकू आली. मग ती ऐकू येईनाशी झाली.

सायकलवरून पाववाला चालला होता. दोघा नवराबायकोला सकाळी सकाळी बंद दारासमोर उभं बघून तो मजेत आला. "काय नळवाले!" तो लांबूनच ओरडला. "सुनेनं टाकी शिल्लक ठेवली का नाही?"

नळवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पाववाला गोंधळला. जवळ येऊन त्याने ब्रेक दाबला आणि खाली वाकून, काहीतरी खास ऐकायला मिळणार अशा आशेने हळूच विचारलं, "का हो? काय झालं घरात?"

"काही नाही," नळवाले म्हणाले, आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले.